रिझर्व्ह बँक मध्ये पडली की ट्रेडरचं मार्केट बिघडतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे की आरबीआय सतत डॉलर विकून रुपया धरून ठेवते, मग हे मार्केट खरं म्हणायचं का, आणि आपल्यासारखा छोटा ट्रेडर त्यात मार खातो का. शिवाय त्यापेक्षा फॉरेक्स अ‍ॅपवर युरो-डॉलर केलेलं बरं का, असंही विचारलंय. त्याच्यावर शेवटी येतो.

बिघडतं. पण तुम्हाला वाटतंय त्या जागी नाही. भाव खोटा असतो म्हणून फारसं कोणी बुडत नाही, भाव हलायचा बंद होतो आणि वर्षभरात आपल्याला वाटायला लागतं की हा काय हलतच नाही, तिथं बुडतात. मी थोडा बुडालो, आमचे मालक जरा जास्त.

मी इचलकरंजीत लूमचे पार्ट बाहेरून मागवणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये अकाउंट्स बघतो. डॉलरचा रेट रोज बघावाच लागतो, त्यातनं नाद लागला आणि एनएसईवर डॉलर-रुपयाचे फ्युचर, ऑप्शन (पुढच्या तारखेच्या डॉलरच्या भावावरचे सौदे) करायला लागलो. एक लॉट म्हणजे १००० डॉलर, एक पैसा हलला की १० रुपये, मार्जिन (सौद्यासाठी आधी ठेवायची रक्कम) कमी, पगारदार माणसाला झेपणारा खेळ.

२०२३ मध्ये काय चाललं होतं ते ज्यांनी स्क्रीनसमोर बसून बघितलंय त्यांनाच कळेल. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये स्पॉट (डॉलरचा चालू भाव) ८३.२५ च्या पुढे सरकला की सरकारी बँका डॉलर विकायला उभ्या. त्या स्वतःसाठी विकत नाहीत, मागे कोण आहे ते सगळ्या बाजाराला माहीत असतं. अर्धा अर्धा तास भाव एका पैशात अडकलेला, वर कच्चं तेल भडकलंय, अमेरिकेचे बाँड यील्ड (सरकारी रोख्यांवरचा परतावा) ५ टक्क्यांना टेकलेत, बाकीच्या देशांच्या करन्सी हेलकावे खातायत आणि आपला रुपया शाळेत हाताची घडी घालून बसलेल्या पोरासारखा. आयएमएफने (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने) सुद्धा त्या डिसेंबरमध्ये डिसेंबर २०२२ ते ऑक्टोबर २०२३ या काळासाठी आपला शिक्का ‘फ्लोटिंग’ (बाजारावर सोडलेला) वरून ‘स्थिर ठेवलेली व्यवस्था’ असा बदलला. आरबीआयला ते अजिबात मान्य नव्हतं, त्यांचं म्हणणं नेहमीचंच, आम्ही कुठलीही पातळी धरत नाही, फक्त जास्तीचे झटके कमी करतो. खरं सांगायचं तर मला दोन्ही बाजू अर्ध्या अर्ध्या पटतात.

आता अशा बाजारात ट्रेडर काय करणार? ऑप्शन विकणार, म्हणजे भाव ठरलेल्या आकड्यापलीकडे गेला तर फरक मी भरेन अशी हमी द्यायची आणि तिची फी, म्हणजे प्रीमियम, आधीच घ्यायची. भाव हलतच नाही म्हटल्यावर लांबचा कॉल (वरच्या आकड्याची हमी) विका, लांबचा पुट (खालच्या आकड्याची) विका, महिनाअखेर प्रीमियम खिशात. सगळेच विकायला लागले म्हणून प्रीमियम पडले, प्रीमियम पडले म्हणून तेवढेच पैसे मिळवायला लॉट वाढवले. मी १० लॉटवरून ५० वर कधी गेलो ते माझं मलाच कळलं नाही. माझ्या मते खरी गडबड ही आहे. आरबीआयने भाव दहा-वीस पैसे इकडेतिकडे केला असेल तर असेल, पण तिने जोखीम दिसेनाशी केली, आणि न दिसणारी जोखीम माणूस दामदुपटीने उचलतो.

मग ५ जानेवारी २०२४ ला आरबीआयचं सर्क्युलर आलं. एक्सचेंजवर करन्सीचा सौदा करायचा तर तुमचा खरा परकीय चलनाचा व्यवहार पाठीमागे पाहिजे, कागद दाखवायला नको पण व्यवहार असायला हवा, लागू ५ एप्रिलपासून. म्हणे नियम आधीपासून हाच होता, आम्ही फक्त आठवण करून देतोय. आम्ही लोक इतकी वर्षं ‘पुरावा मागत नाहीत’ याचा अर्थ ‘चालतंय’ असा लावून बसलो होतो. मार्चअखेर ब्रोकरचा मेल आला, डिक्लेरेशन द्या नाहीतर पोझिशन (चालू सौदे) कापा. मी एप्रिलचा ८४ चा कॉल ४ पैशाला विकलेला, ५० लॉट, म्हणजे सगळे मिळून २००० रुपये मिळालेले. सगळ्यांना एकाच वेळी विकलेले ऑप्शन परत घ्यायचे, समोर विकायला कोणी नाही. स्पॉट पाच-सात पैसे पण हलला नव्हता आणि मी तो कॉल १७ पैशाला परत घेतला. ८५०० गेले, निव्वळ साडेसहा हजारांचा फटका. आणि ४ एप्रिलला आरबीआयने जाहीर केलं की मुदत ३ मेपर्यंत वाढवली! त्या दिवशी जेवणच गेलं नाही. रक्कम मोठी नाही, पण भाव न हलता पैसे गेले याचाच राग जास्त.

डॉलर विकणं हा एक हस्तक्षेप झाला, नियम बदलणं हा दुसरा. पहिल्याला स्टॉपलॉस (ठरावीक तोट्याला सौदा आपोआप बंद करायची ऑर्डर) लावता येतो, दुसऱ्याला कुठला लावणार.

मालकांची गोष्ट याच्या उलटी. त्यांचा व्यवहार खरा, त्यांना फॉरवर्ड (पुढे लागणाऱ्या डॉलरचा भाव बँकेशी आजच पक्का करणं) घ्यायला कुणाची आडकाठी नव्हती. २०२४ च्या नोव्हेंबरात चीनहून माल आला, ६०,००० डॉलर, ९० दिवसांची एलसी (ठरल्या तारखेला पैसे देण्याची बँकेची हमी), रेट तेव्हा ८४.४० च्या आसपास. मी म्हटलं मालक, फॉरवर्ड बुक करू, ४५ पैसे जास्त पडतील, सत्तावीस हजार रुपये. मालक म्हणाले, “कशाला वाया घालवायचे? ते रिझर्व्ह बँक बसलंय की वर.” दोन वर्षं त्यांचंच बरोबर ठरलं होतं, त्यामुळे मीही गप्प बसलो.

डिसेंबरात आरबीआयच्या गव्हर्नरपदावरून शक्तिकांत दास पायउतार झाले, संजय मल्होत्रा आले, आणि रुपयाला थोडं मोकळं सोडलं. आता ते नवीन गव्हर्नरमुळे की ट्रम्प यांच्या टॅरिफच्या भीतीमुळे की एफआयआय (परदेशी गुंतवणूकदार संस्था) शेअर विकून पळत होते म्हणून, यावर वाद घालता येईल, मला वाटतं तिन्ही. तसंही धरून ठेवणं फुकटात होत नव्हतं. सप्टेंबर २०२४ अखेर गंगाजळी ७०४ अब्ज डॉलर होती ती जानेवारीच्या मध्यापर्यंत ६२४ वर आली (यात इतर चलनं डॉलरपुढे पडल्याचाही भाग आहे, सगळे डॉलर विकलेले नव्हेत). शिवाय फॉरवर्डमध्ये विकलेले डॉलर वेगळे, फेब्रुवारीअखेर तो आकडा ८८ अब्जांवर. आणि आरबीआय डॉलर विकते तेव्हा बदल्यात सिस्टीममधले रुपये शोषले जातात, बँकांना पैशाची टंचाई होते, मग जानेवारीच्या शेवटी ५ अब्ज डॉलरचा स्वॅप (आता डॉलर घेऊन रुपये द्यायचे, मुदतीनंतर उलट) करून रुपये परत सोडावे लागले. एका बाजूने दाबलं की दुसरीकडे फुगतंच.

आमच्या एलसीची तारीख नेमकी १० फेब्रुवारी २०२५. त्या दिवशी सकाळी रुपया ८८ ला टेकायला आलेला. बँकेच्या डीलरला फोन लावला, स्पीकरवर मालक ऐकतायत, रेट आला ८७.९०. मालकांनी नुसती मान हलवली. साडेतीन रुपयांचा फरक, दोन लाख दहा हजार. त्याच दिवशी नंतर आरबीआय जोरात उतरली, आणि दुसऱ्या दिवशी एका दिवसात ६० पैशांहून जास्त सुधारणा, भाव ८७ च्या खाली. एक दिवस थांबता आलं असतं तर साठेक हजार वाचले असते, पण एलसी काय थांबत नाही. आणि ज्यांनी ८७.९० ला डॉलर तेजीत घेतला असेल, त्यांची ११ तारीख कशी गेली असेल ते सांगायला नकोच.

म्हणून ‘मॅनिप्युलेशन’ हा शब्द मी वापरत नाही. आरबीआय या बाजारातली सगळ्यात मोठी खेळाडू आहे आणि ती नफ्यासाठी खेळत नाही, एवढंच. तिला महागाई, आयातीचं बिल, बँका बघायच्यात, तुमची पोझिशन तिच्या खिजगणतीत नाही. २०१३ च्या ऑगस्टमध्ये रुपया ६८.८५ पर्यंत घसरला तेव्हा तेल कंपन्यांना परस्पर डॉलर दिले, मग नवे गव्हर्नर रघुराम राजन यांनी एनआरआय ठेवींसाठी स्वॅपची खिडकी उघडली. हे केलं नसतं तर मार्केट ‘शुद्ध’ राहिलं असतं हो, पण आमच्यासारख्या निम्म्या आयातवाल्यांची शटर बंद झाली असती.

आता ते अ‍ॅपचं. तिथं आरबीआय नाही म्हणून मोकळं मार्केट आहे असं वाटत असेल तर १५ जानेवारी २०१५ चा चार्ट काढून बघा. स्विस नॅशनल बँकेने (स्वित्झर्लंडच्या रिझर्व्ह बँकेने) सप्टेंबर २०११ पासून एका युरोला १.२० फ्रँक हा तळ धरला होता, सगळे त्याच्यावर भरवसा ठेवून युरो घेऊन बसलेले. आपल्याकडे दुपारचे तीन वाजले होते, मी तर सकाळी राजन यांनी अचानक पाव टक्का रेपो कमी केला त्याच्याच बातम्या वाचत होतो. स्विस बँकेने एका निवेदनात तळ काढून टाकला आणि युरो काही मिनिटांत १ फ्रँकच्याही खूप खाली. १.१९ चे स्टॉपलॉस लावलेले होते, पण त्या भावाला समोर कोणीच नव्हतं. एफएक्ससीएम या मोठ्या ब्रोकरच्या ग्राहकांच्या खात्यांत मिळून २२.५ कोटी डॉलरचा खड्डा पडला, अल्पारी या दुसऱ्या ब्रोकरची ब्रिटनमधली कंपनी तर बंदच पडली.

आणि दुसरं, परवानगी नसलेल्या परदेशी अ‍ॅपवर युरो-डॉलर करणं फेमाचा (परकीय चलनाच्या कायद्याचा) भंग आहे, कारवाई होऊ शकते, ते टेलिग्रामवाले काहीही सांगोत. आरबीआयच्या वेबसाइटवर अलर्ट लिस्ट आहे, आधी त्यात तुमच्या अ‍ॅपचं नाव शोधा. सापडलं नाही म्हणून परवानगी आहे असंही नाही, परवानगी असलेल्यांची यादी वेगळी आहे, तीपण तिथंच मिळेल.