म्युन्स्टरला पॉलिमर इलेक्ट्रोलाइटवर पीएचडीला येण्याआधी

तुमचा प्रश्न असा: कोल्हापुरात एमएस्सीला पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) हे पॉलिमर आणि लिथियम परक्लोरेट हे मीठ यांच्या फिल्मची कंडक्टिव्हिटी (तिच्यातून आयन किती सहज वाहतात ते) मोजली, आता जर्मनीत म्युन्स्टरला लिथियम बॅटरीसाठीच्या पीईओ (पॉलिइथिलीन ऑक्साइड) या पॉलिमरवर पीएचडी, तर काय शिकून यावं? व्हिसा आणि घराचं इतरत्र भरपूर सापडेल. करारात टीव्ही-एल ई-१३ चे (जर्मन सरकारी वेतनश्रेणीचे) किती टक्के लिहिलेत तेवढं नीट बघा. बाकी मी लॅबचंच लिहितो.

आधी जुने आकडे बाजूला ठेवा. पीव्हीएची फिल्म उघड्या हवेत ओल ओढते. पाणी पॉलिमरच्या साखळ्या सैल करतं, आयन पळू लागतात आणि पावसाळ्यात कंडक्टिव्हिटी झकास दिसते. लिथियम धातूशी मात्र तेच पाणी रिअॅक्शन करतं. म्हणून इथे सगळं आर्गॉन वायूने भरलेल्या ग्लोव्हबॉक्समध्ये (हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत), पाणी १ पीपीएमच्या (दहा लाखांत एक भाग) खाली. पीईओ ५० अंशांवर व्हॅक्यूममध्ये सुकवायचं. ६५ च्या आसपास ते वितळतं, म्हणून त्याहून वर नाही. पीईओत मिसळायचं लिथियम टीएफएसआय हे मीठ ११० अंशांवर, किमान २४ तास.

प्रमाण २० इथिलीन ऑक्साइड एककांना १ लिथियम धरलं, तर १ ग्रॅम पीईओला ०.३२६ ग्रॅम मीठ लागतं. (४४.०५ आणि २८७.०९ या मोलर वस्तुमानांवरून स्वतः काढून बघा.) अॅसिटोनायट्राइलमध्ये विरघळवून फिल्म ओतायची सवय असेल तर सावध: राहिलेलं सॉल्व्हंट कंडक्टिव्हिटी फुगवतं आणि लिथियमलाही खातं. त्याची वाफ बॉक्सच्या शुद्धीकरण यंत्रणेलाही मानवत नाही. माझ्या मते सॉल्व्हंटशिवायची पद्धत शिकावी: खलात एकजीव करा, हवाबंद पाउचमध्ये १०० अंशांवर रात्रभर ठेवा, मग हॉट प्रेसमध्ये तापवून दाबून फिल्म करा.

सगळ्यात जास्त घोळ जाडीत होतो. १०० मायक्रॉनची फिल्म कॉइन सेलमध्ये (नाण्याएवढ्या चाचणी-सेलमध्ये) स्टीलच्या दोन चकत्यांमध्ये ठेवून ८० अंशांवर नेली की ती मऊ होऊन बाहेर सरकते. ती ७० मायक्रॉनची झाली आणि तुम्ही १०० च धरलीत, तर कंडक्टिव्हिटीचं उत्तर ४० टक्क्यांहून जास्त फुगतं. उपाय म्हणजे टेफ्लॉनची रिंग: जाडी १०० मायक्रॉन, आतला व्यास १० मिलिमीटर, क्षेत्रफळ ०.७८५ चौरस सेंटीमीटर. रोध १६ ओहम आला तर जाडी ०.०१ सेंटीमीटर भागिले (१६ गुणिले ०.७८५), म्हणजे सुमारे ०.०००८ सिमेन्स प्रति सेंटीमीटर; ८० अंशांच्या आसपास हे पटण्यासारखं आहे. इतक्या कमी रोधात केबलचा १ ओहमही ६ टक्के चूक करतो, तेव्हा रिकामा सेल शॉर्ट करून तो मोजा आणि वजा करा.

हा रोध इम्पिडन्सवरून (एसी प्रवाहाला होणाऱ्या विरोधावरून) काढतात; तो १ मेगाहर्ट्झपासून ०.१ हर्ट्झपर्यंत, १० मिलिव्होल्टवर मोजा. प्रत्येक तापमानाला तासभर थांबा. पीईओ सावकाश स्फटिकतं, त्यामुळे थंड करताना मोजलेले आकडे तापवतानाच्या आकड्यांपेक्षा वर येतात. तापवताना मोजलं की थंड करताना, हे लिहिल्याशिवाय तापमान-कंडक्टिव्हिटीच्या आलेखाला अर्थ नाही. वितळबिंदूच्या वर रेषा वाकते, तिथे सरळ रेषेचं अऱ्हेनियस समीकरण नको, वाकणाऱ्या रेषेचं व्हीटीएफ (व्होगेल-टामान-फुल्चर) समीकरण बसवा.

आणि कंडक्टिव्हिटीवरच थांबू नका. या मिठात ऋण आयनच जास्त पळतो, प्रवाहात लिथियम आयनचा वाटा जेमतेम ०.२. तो ब्रूस-व्हिन्सेंट पद्धतीने काढतात: फिल्मच्या दोन्ही बाजूंना लिथियम धातू, १० मिलिव्होल्टचा स्थिर दाब, विद्युतप्रवाह स्थिर होईपर्यंत वाट. इम्पिडन्स आधी आणि नंतर, दोन्ही वेळा घ्या, कारण दरम्यान लिथियमवरचा थर वाढलेला असतो. सुरुवातीचा प्रवाह पहिल्या काही मिलिसेकंदांतच घसरतो; सॅम्पलिंग संथ ठेवलंत तर तो कमी नोंदला जातो आणि लिथियमचा वाटा खोटाच मोठा दिसतो.