इंटरनेटमुळे खेड्याचं भलं झालं की वाटोळं?
दोन्ही, आणि तेही एकाच मोबाइलवर. आमच्या रावेरकडे काका सकाळी चहाच्या आधी बऱ्हाणपूरचा केळीचा भाव बघतात. बांधावर आलेला व्यापारी आता मनाला येईल तो आकडा ठोकून देत नाही. (भाव कळला म्हणजे मिळतोच असं नाही, ते वेगळं.) पण साक्री तालुक्यातलं राईनपाडा कसं विसरायचं? १ जुलै २०१८, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या ५ जणांना जमावाने ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी ५ च चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा जाहीर केली. काकांच्या ग्रुपवर तसले मेसेज अजून येतात, फक्त जरा सावकाश.