काजूचा चिकन कोरमा गोडसर होतो आणि दही फुटतं, काय चुकत असेल?

तुम्ही लिहिलंय की शारजात राहता, घरी सासूबाई आणि दोन लहान मुलं आहेत, तिखट कुणालाच चालत नाही, म्हणून काजू आणि क्रीम घालून कोरमा केलात. दोन्ही वेळा रस्सा खिरीसारखा गोड लागला आणि दही फुटून कण दिसायला लागले. तुमचं प्रमाण वाचलं: वाटीभर काजू आणि कांदा एकच. माझ्या मते गडबड तिथेच आहे. कोरम्याचा सगळा भार काजूवर पडलाय, तो कांद्यावर आणि परतण्यावर हवा.

मीही हेच करत होते. माहेर वेंगुर्ल्याजवळ, काजूगर घरचे, त्यामुळे हात सैल. लग्नानंतर काही वर्षं आम्ही लखनौला होतो. शेजारच्या आपांनी माझा पहिला कोरमा चाखला, काही बोलल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी मला त्यांच्या ओट्यापाशी उभं केलं. पाऊण तास आम्ही फक्त कांदा तळला.

कोरमा हा शब्द तुर्की ‘कावुर्मा’वरून आलाय, म्हणजे परतलेलं. आपल्याकडे कुर्मा म्हटलं की पुरीबरोबरची मिक्स भाजी आठवते, म्हणून हे चटकन ध्यानात येत नाही. काजू तर मुळात ब्राझीलचा, 16व्या शतकात पोर्तुगीजांनी आणलेला. तो कोरम्यात जरूर घालावा, पण बेताने.

एक किलो चिकन घ्या, हाडासकट. त्याला चार मध्यम कांदे. उभे आणि एकसारखे पातळ चिरा, नाहीतर बारीक काप करपतात आणि जाड कच्चे राहतात. अर्धी वाटी तेल आणि दोन चमचे तूप तापवून मध्यम आचेवर तळायला घ्या. पहिली आठ-दहा मिनिटं काहीच होत नाहीये असं वाटेल, कांदा नुसता मऊ पडतो आणि पाणी सोडतो. मग कडा पिवळ्या होतात आणि तिथून पुढे दोन-तीन मिनिटांत सगळा खेळ उरकतो. तेव्हा फोन आला तरी कढईसमोरून हलू नका. सोनेरी झाला, अजून किंचित हवा होता, असं वाटेल त्याच क्षणी झाऱ्याने निथळून काढा आणि ताटात पसरा, कारण बाहेर काढल्यावरही तो आतल्या उष्णतेने आणखी गडद होतो. गार झाल्यावर बोटांत चुरून बघा. कुरकुर वाजला पाहिजे. नुसता वाकला तर कमी तळला गेलाय. काळा पडला असेल तर सरळ टाकून द्या, दह्यात लपत नाही, कडवटपणा शेवटच्या घासापर्यंत राहतो. हा कांदा मी हातानेच चुरते. मिक्सरमध्ये पाणी घालून वाटला की रस्सा गुळगुळीत होतो, आणि मला तो जरा दाणेदारच आवडतो.

आता दही. आंबटपणा आणि मोठी आच एकत्र आली की दह्यातली प्रथिनं आकसून गोळा होतात आणि पाणी वेगळं पडतं, तेच ते कण. म्हणून दही ताजं आणि सायीचं घ्या, कमी फॅटचं नको. पाव किलो पुरे. फ्रिजमधून तासभर आधी बाहेर काढा. तुमच्याकडे लबनेह सहज मिळतं, आपल्या चक्क्यासारखं घट्ट, ते या कामाला फार चांगलं. फक्त त्यात बहुधा मीठ असतं, तेव्हा मीठ बेताने. पंधरा बदाम भिजवून, सोलून अगदी मऊ वाटा आणि घुसळलेल्या दह्यात मिसळून ठेवा. बदामाच्या वाटणाने दही धरून राहतं.

कांदा तळलेलं तेल चार चमचे ठेवून बाकीचं काढून घ्या. त्यात सहा वेलदोडे, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा आणि तमालपत्र. मुलांच्या दाताखाली लवंग आली की जेवणच थांबतं, म्हणून मी हा खडा मसाला पातळ फडक्यात बांधून पुरचुंडीच टाकते. मग दोन चमचे आलं-लसूण, त्याचा कच्चा वास गेला की चिकन आणि मीठ. चिकनला सुटलेलं पाणी आटेपर्यंत परता. एक मोठा चमचा धनेपूड, एक लहान चमचा काश्मिरी तिखट. हळद नाही, टोमॅटो नाही.

गॅस अगदी बारीक करून दही चमच्याचमच्याने घाला आणि पहिली उकळी येईपर्यंत ढवळत राहा. मग कडेने तेल सुटेपर्यंत परतायचं. खरा कोरमा इथे होतो आणि नेमकी इथेच आपण घाई करतो. तेल सुटलं की चुरलेला कांदा आणि वाटीभर गरम पाणी. ताटली झाकून त्यावर पाणी ठेवा, जशी आपण भाजी वाफवतो तशी, आणि मंद आचेवर वीसेक मिनिटं शिजू द्या.

काजू सगळ्यात शेवटी. वीस काजू गरम पाण्यात भिजवून गंधासारखे मऊ वाटा आणि चिकन शिजल्यावर घाला. त्यानंतर आठ-दहा मिनिटंच. बदामापेक्षा काजूत पिष्ट बरंच जास्त असतं, त्यामुळे तो उकळला की दाटतो आणि पातेल्याच्या बुडाला धरतो. आधी घातलात तर तळ खरवडत बसाल.

गोडसरपणाचं म्हणाल तर क्रीम काढूनच टाका. दुसरं असं, की वेलदोडा आणि जायफळ यांचा वास आपल्या डोक्यात श्रीखंडाशी, पुरणाशी बांधलेला आहे. नुसता तेवढाच वास आला की जिभेला मीठ असूनही गोड वाटतं. म्हणून जायफळाऐवजी जायपत्रीचं एक पातं कुटून घाला, आणि अर्धा चमचा पांढरी मिरी ताजी कुटून. मिरीची ऊब घशाशी येते, जीभ भाजत नाही. आपल्या पांढऱ्या रश्शातही तीच युक्ती आहे. लखनौची आठवण म्हणून मी चार थेंब केवडापाणी घालते. चारच, पाचवा थेंब अत्तर होतो.

पुष्कळ पाककृतींत खसखस सांगितलेली असते. यूएईत खसखशीवर बंदी आहे, तेव्हा सुट्टीवरून परतताना ती सामानात अजिबात टाकू नका. तिच्या जागी चारोळी किंवा मगज बी चालते. मुलांचे मित्र जेवायला येणार असतील तर सुकामेव्याची अ‍ॅलर्जी आहे का ते आधी त्यांच्या आईला विचारा, आणि असेल तर हा बेतच बदला.

झाल्यावर अर्धा तास झाकून ठेवा. गार होताना दाटतो, मग वाढताना थोडं गरम पाणी घालून सारखा करून घ्या, गार पाणी नको.

आणि एवढं करूनही दही फुटलंच तर चिकनचे तुकडे आणि पुरचुंडी बाहेर काढा, रस्सा कोमट होऊ द्या, काजूचं वाटण त्यातच घालून मिक्सरमधून एकदा फिरवा, आणि परत मंद आचेवर चढवा. दाणेदारपणा जाईल, पण चव शाबूत राहील, आणि सासूबाईंच्या ताटात कण दिसणार नाहीत.