व्हॅनमध्ये राहायला निघालात? आधी एवढं बघा

सोलर, इन्व्हर्टर नंतर बघू. पहिल्या महिन्यात माणूस वैतागतो तो ओलीने. रात्रभर श्वासातली वाफ थंड पत्र्यावर जमते आणि गादीखाली बुरशी धरते. म्हणून कितीही गारठा असो, छतावरची खिडकी बोटभर उघडी ठेवाच.

आत गॅस पेटवणार असाल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आधी, पडदे नंतर. त्या विषारी वायूला वास नसतो.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- एकाच जागी दिवसचे दिवस मुक्काम. रात्री उशिरा या, सकाळी निघा, बाहेर खुर्च्या मांडू नका.
- लेड-ॲसिड बॅटरीचं चार्जिंग ५० टक्क्यांखाली उतरवणं. लवकर मरते.
- शौचालयाचं ‘बघू नंतर’. (मीही म्हटलं होतं. पहाटे ३ वाजता पस्तावलो.)

आणि हो, सुतारकाम काढण्याआधी रिकाम्या गाडीत चार रात्री झोपून बघा.