कीलाँगच्या घराला कुठला पाइप?

प्रश्न : भाऊ, माझी मुलगी आणि जावई हिमाचलात, लाहौलमध्ये कीलाँगजवळ दोन खोल्यांचं लाकडी घर बांधत आहेत. थंडीत पारा उणे दहाच्या खाली जातो म्हणतात. हिवाळ्यात दोन महिने घर बंद राहील. आमच्या वावरात बोअरपासून टाक्यापर्यंत पांढरा पीव्हीसी पाइप आहे, पंधरा वर्षांत काही झालं नाही. तिकडे तोच चालेल काय? जावईबापू तांब्याचा म्हणतात.
– एक वाचक, दारव्हा तालुका, यवतमाळ

उत्तर : ताई, पीव्हीसी नको आणि तांबंही नको. मी अकरा वर्षं लेहला पाइप फिटर होतो, आता नेरकडे तूर-कपाशी करतो. आपल्याकडे पाइपाला ऊन खातं. तुमचा बहुतेक मातीखाली आहे, म्हणून टिकला. कडक थंडीत पीव्हीसी ठिसूळ होतो, एका धक्क्यात तडकतो.

पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं. पण पाइप बर्फाच्याच जागी फाटेल असं नाही. पहिल्या हिवाळ्यात मी एका क्वार्टरची जीआय (जस्ताचा मुलामा असलेल्या लोखंडी पाइपाची) लाइन पोतं गुंडाळून बंद केली आणि निर्धास्त झालो. मार्चात स्वयंपाकघरात पाणीच पाणी. बर्फ धरला होता बाहेरच्या भिंतीत, फाटलं होतं ओट्याखालचं एल्बो, म्हणजे वळणाचा जोड. बर्फानं पुढचं पाणी बंद नळाकडे रेटलं, त्याला जायला वाट नव्हती. पोत्यानं थंडी उशिरा पोचते, थांबत नाही.

म्हणून बाहेर काळा एचडीपीई (लवचिक प्लास्टिकचा) पाइप घ्या, गुंडाळीचा, शक्यतो मधे जोड नसलेला. जमीन जिथवर गोठते त्याच्याही खाली पुरा. किती खोल, ते गावात ज्यांनी चर खणले त्यांनाच विचारा. माती नि बर्फाच्या थरावर ते ठरतं. घरात पेक्स टाका, तोही प्लास्टिकचाच पाइप. तो तांब्यासारखा ताठ नाही, थोडा ताणून परत जागेवर येतो, गिझरचं गरम पाणीही सोसतो. गरम पाण्याला एचडीपीई लावू नका. पेक्सचे पितळी जोड मात्र ताणत नाहीत, म्हणून जोड कमी ठेवा. आणि काम होईपर्यंत पेक्सची गुंडाळी उन्हात टाकू नका.

पाइप आतल्या भिंतीनं न्या, बाहेरच्या भिंतीत एक फूटही नको. सगळी लाइन एका बाजूला उतरती ठेवा, सगळ्यात खालच्या टोकाला पाणी सोडायचा कॉक बसवा. मुख्य कॉक जमिनीखाली, न गोठणाऱ्या खोलीवर. घर बंद करताना तो बंद, बाकी सगळे नळ उघडे. घरातले बॉल व्हॉल्व्ह (आत भोकाचा गोळा फिरून उघडबंद होणारे कॉक) अर्धवट फिरवून ठेवा, नाहीतर त्याच्या गोळ्यात अडकलेलं पाणीच त्याला फोडतं. गिझर, फ्लशची टाकी आणि संडासाच्या भांड्यातलं पाणीही काढायचं. हे लोक विसरतात.

सामान घेण्याआधी जावईबापूंना सांगा, घरात पाणी कुठून शिरतं आणि सगळ्यात खालचा कोपरा कुठला, एवढं कागदावर काढून मला पाठवा.