जुन्या फोटोतली विजेवरची मालगाडी कुठल्या रेल्वेची आणि कोणत्या सालची, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या अमेरिकी रेल्वेच्या फोटोंच्या गठ्ठ्यात एक फोटो मिळाला. मधोमध केबिन आणि दोन्हीकडे उतरतं नाक असलेलं छोटं विजेचं इंजिन तीन वाघिणी (मालाचे डबे) घेऊन भर रस्त्यातून चाललंय. इंजिनवरचं नाव पुसट झालंय, फोटोमागे पेन्सिलीनं फक्त '१९३८?' लिहिलंय. इंजिनच्या आकारावरून रेल्वेचं नाव सांगता येईल का, मधल्या वाघिणीवर 'पेनसिल्व्हेनिया' आहे म्हणजे फोटो त्याच राज्यातला का, आणि इंजिन काळंच होतं असं धरता येईल का?

जोडलेला स्कॅन मोठा करून नीट पाहिला. तिन्ही प्रश्नांना माझं उत्तर 'नाही' असंच आहे, पण निराश होऊ नका. हा फोटो बराच बोलका आहे, फक्त विचारायचं दुसऱ्याला. असे फोटो बघताना मी इंजिनाकडे सगळ्यात शेवटी वळतो. ठिकाण सांगतात ते तारा, खांब आणि इमारती. साल सांगतात वाघिणी.

इंजिनावर भरवसा का ठेवू नये, ते आधी सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत गावागावांना जोडणाऱ्या विजेच्या छोट्या रेल्वे शेकड्यांनी निघाल्या. मोटारी आणि पक्के रस्ते आल्यावर त्यांचे प्रवासी आटले. ज्यांच्याकडे मालवाहतूक होती त्या तगल्या, बाकीच्या १९२० आणि १९३० च्या दशकांत बंद पडल्या. बंद पडलेल्यांची इंजिनं भंगारात गेली किंवा तगलेल्यांनी विकत घेतली. तुमच्या फोटोतला आकार 'स्टीपल कॅब' म्हणून ओळखला जातो. जनरल इलेक्ट्रिक आणि बाल्डविन-वेस्टिंगहाउस यांनी तो जवळजवळ ठरलेल्या नमुन्यात अनेक कंपन्यांना पुरवला. त्यामुळे एकच इंजिन आयुष्यात दोन-तीन मालकांकडे, दोन-तीन राज्यांत, वेगवेगळ्या क्रमांकांनी राबलेलं सापडतं. आयोवातल्या मेसन सिटीच्या छोट्या रेल्वेवर १९२० च्या आसपासची अशी बाल्डविन-वेस्टिंगहाउस इंजिनं एकविसाव्या शतकातही ६०० व्होल्टवर माल ओढत होती. इतकी टिकाऊ वस्तू असल्यावर तिच्या आकारावरून ना साल कळतं, ना गाव.

अपवाद आहेत. इलिनॉय टर्मिनल या रेल्वेनं डिकेटरच्या स्वतःच्या कारखान्यात बांधलेलं आठ आसांचं 'सी' वर्गाचं इंजिन दिसलं, तर शंकेला जागा नाही. 'साउथ शोअर'ची ८०१ ते ८०३ ही अजस्र इंजिनंही तशीच. ती मुळात सोव्हिएत संघासाठी बांधली होती. शीतयुद्धामुळे निर्यात अडली आणि वीसपैकी तीन या रेल्वेकडे आली. ती १९४९ पासून १९८३ पर्यंत इंडियाना-शिकागो मार्गावर चालली. पण तुमचं इंजिन त्या जातीचं नाही.

आता टपाकडे पाहा. तुमच्या इंजिनाच्या टपावर दोन ट्रॉलीचे दांडे, म्हणजे डोक्यावरच्या तारेतून वीज घेणारे दांडे, आहेत. एक खाली आकड्यात अडकवलेला, दुसरा तारेला टेकलेला. टेकलेला दांडा नेहमी चालीच्या उलट दिशेला कलतो. त्यामुळे गाडी कॅमेऱ्याकडे येतेय की मागं सरतेय, हे स्थिर फोटोतूनही कळतं. तुमच्या फोटोत ती कॅमेऱ्याकडे येतेय. पुढच्या दोन्ही कोपऱ्यांवर फिकट झेंडे दिसतात. ते पांढरे असावेत, कारण वेळापत्रकाबाहेरची जादा गाडी पांढरे झेंडे लावून धावे आणि या रेल्वेंवरच्या मालगाड्या बहुधा तशाच धावत.

दांडा दिसला की ६०० व्होल्ट एकदिश प्रवाहाची शक्यता सगळ्यात जास्त, पण खात्री नाही. १२०० किंवा १५०० व्होल्टच्या मार्गांवरही दांडे वापरले गेले. खरी मदत होते ती विचित्र अपवादांची. कॅलिफोर्नियातली व्हिसेलिया इलेक्ट्रिक ३३०० व्होल्टच्या, सेकंदाला फक्त १५ आवर्तनांच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर चालायची. वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन अँड इनलँड एम्पायरच्या गावाबाहेरच्या तारांत ६६०० व्होल्ट होते. इतक्या दाबाला तार टांगायची पद्धत आणि इन्सुलेटरचा आकार दोन्ही बदलतात. तुमच्या फोटोत साधी एकेरी तार आहे, रस्त्याच्या दोन कडांच्या खांबांमध्ये ताणलेल्या आडव्या तारेला लटकवलेली. वर तोलून धरणारी दुसरी तार नाही. त्यामुळे या दोन रेल्वे मी बाजूला ठेवतो.

सॅक्रामेंटो नॉर्दर्न ही कॅलिफोर्नियातली रेल्वे मात्र घाईनं काढून टाकू नका. सॅक्रामेंटोच्या उत्तरेला ती रुळांच्या कडेच्या तिसऱ्या रुळातून ६०० व्होल्ट घ्यायची, दक्षिणेला डोक्यावरच्या तारेतून १२०० व्होल्ट. पण उत्तरेकडेही गावातल्या रस्त्यावर तिसरा रूळ टाकता येत नव्हता, माणसं-जनावरं मेली असती. म्हणून गावात शिरताना तीच गाडी दांडा वर करून तारेवर जायची. म्हणजे रस्त्यातला फोटो पाहून 'तिसरा रूळ नाही, म्हणजे ही ती नव्हे' असं म्हणता येत नाही. पाहायचं ते इंजिनाच्या चाकांशी. तिसऱ्या रुळावरून वीज घेणाऱ्या इंजिनाच्या चाकांच्या सांगाड्याला बाहेरून एक लाकडी आडवी पट्टी असते आणि तिच्या मध्यावर लोखंडी चपटा जोडा लोंबतो. गावात तो निष्क्रिय असतो, पण काढून ठेवत नाहीत. तुमच्या स्कॅनमध्ये पुढची बाजू स्वच्छ आहे. तिथं ना पट्टी, ना जोडा. म्हणून ही रेल्वेसुद्धा यादीतून जाते.

फोटोच्या उजव्या कडेला विटांची उंच, अरुंद खिडक्यांची इमारत अर्धी कापली गेलीय. तुम्ही तिचा उल्लेखही केलेला नाही, माझ्या मते मात्र हा फोटोतला सगळ्यात मोलाचा भाग आहे. वरच्या भिंतीत ओळीनं तीन गोल भोकं आहेत आणि त्यांतून तारा आत जातात. हे उपकेंद्र असणार. लांबून उच्च दाबाची तीन फेजची वीज यायची, आत फिरत्या कन्व्हर्टरवर तिचा एकदिश प्रवाह व्हायचा आणि मग तो तारेत सोडायचा. ६०० व्होल्टवर तारेत तूट फार होते, म्हणून अशी उपकेंद्रं दर काही मैलांवर लागायची. इंजिन विकता येतं, उपकेंद्र जागचं हलत नाही.

आता वाघिणी. अमेरिकेत एका रेल्वेची वाघीण दुसऱ्या कुठल्याही रेल्वेवर जाते, माल उतरवते आणि फिरत फिरत परत येते. पेनसिल्व्हेनिया रेलरोडची वाघीण कॅलिफोर्नियातल्या फळबागेच्या साइडिंगला उभी दिसली, तर त्यात नवल नाही. तेव्हा ते नाव ठिकाण सांगत नाही. त्यावरून एवढंच कळतं की ही छोटी रेल्वे मोठ्या रेल्वेंशी वाघिणींची देवघेव करत होती.

त्याच वाघिणीच्या दाराच्या डाव्या हाताला, मालकाची अक्षरं आणि क्रमांक यांच्या खाली तीन ओळी आहेत: क्षमता, कमाल भार आणि रिकामं वजन. रिकाम्या वजनाच्या ओळीशेजारी बारीक अक्षरांत कारखान्याची खूण आणि महिना-साल असतं. वाघिणीचं वजन दर काही वर्षांनी पुन्हा करावं लागे, कारण लाकूड सुकतं, दुरुस्तीत भाग बदलतात आणि भाड्याचा हिशेब वजनावर असतो. वजन झालं की जुनी तारीख पुसून नवी रंगवत. बांधणीची तारीख वेगळीकडे असते आणि ती दहा-वीस वर्षं जुनी असू शकते, तिच्या मागं लागू नका. तुमचा स्कॅन चौपट मोठा केल्यावर मला वजनाच्या ओळीशी '३-३६' वाचता आलं. म्हणजे मार्च १९३६. फोटो त्याआधीचा असूच शकत नाही.

वरची मर्यादा तिसरी वाघीण देते. तिच्या चाकांचा सांगाडा ओतीव पोलादाचा नाही. लोखंडी पट्ट्या वाकवून, एकावर एक ठेवून, उभ्या बोल्टांनी आवळलेल्या आहेत आणि पट्ट्यांमधल्या फटींतून पलीकडचा उजेड दिसतो. याला 'आर्चबार' म्हणतात. त्याचे बोल्ट ढिले व्हायचे, पट्ट्या तडकायच्या आणि गाड्या रुळांवरून घसरायच्या. म्हणून १९४० च्या सुमाराला, वाघिणींच्या आपसातल्या देवघेवीत असे सांगाडे बंद झाले. यात एक अट आहे. बंदी देवघेवीपुरती होती. स्वतःच्याच हद्दीत फिरणारी वाघीण आर्चबारवर पुढेही चालू शके. म्हणून ती वाघीण परकी आहे का, हे पाहावं लागतं. तुमच्या फोटोतली परकी आहे, अक्षरं दुसऱ्या रेल्वेची आहेत. तेव्हा फोटो १९३६ चा वसंत ते १९४१ यांच्या मधला धरायला हरकत नाही आणि पेन्सिलीतलं '१९३८' त्यात चपखल बसतं. ते साल तुम्ही फोटोमागे वाचलं म्हणून खरं मानू नका. वाघिणी त्याला दुजोरा देतात, म्हणून माना.

गठ्ठ्यातल्या इतर फोटोंसाठीही काही खुणा. अख्ख्या बाजूवर मांस किंवा दारूच्या कंपनीची भडक जाहिरात असलेली शीतवाघीण दिसली, तर फोटो बहुधा १९३७ च्या आधीचा. अशा जाहिरातींवर १९३४ मध्ये सरकारी आयोगानं बंदी घातली आणि त्या पुसायला थोडी मुदत दिली होती. वाघिणीच्या टपावर ब्रेकवाल्याला चालायची फळी नसेल तर फोटो १९६६ नंतरचा असण्याची शक्यता दाट, कारण त्या वर्षापासून नव्या वाघिणींना ती देणं थांबलं. बाजूला रंगीत आडव्या पट्ट्यांची छोटी पाटी असेल तर १९६७ किंवा नंतरचा. यंत्रानं वाघीण ओळखायची ती योजना १९७७ मध्ये सोडून दिली, पण पाट्या बरीच वर्षं तशाच राहिल्या.

रंगाचं म्हणाल तर कृष्णधवल फोटोवरून 'काळं' म्हणू नका. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे. लाल इंजिन तिच्यावर जवळजवळ काळं उतरतं आणि निळं आकाश पांढरंफटक. लाल दिसणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म तेव्हा बाजारात होती, पण हौशी छायाचित्रकारांच्या कॅमेऱ्यात दोन्ही सापडत. तुमच्या फोटोत आकाश कोरं आहे, त्यामुळे इंजिन लाल किंवा नारिंगी असण्याची शक्यता उघडी ठेवा.

निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेला फोटोही पुष्कळदा हाती येतो. अक्षरं वाचता आली तर लगेच कळतं. नाहीतर माणसांचे कोट पाहा. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते. तुमच्या इंजिनाच्या पायरीवरच्या माणसाचा कोट बरोबर आहे आणि वाघिणींची अक्षरंही सरळ आहेत, तेव्हा ती काळजी नाही.

कागदही मोजा. अडीच बाय सव्वाचार इंच भरला तर तो ११६ किंवा ६१६ मापाच्या फिल्मवरून, मोठा न करता काढलेला थेट ठसा. रेल्वेवेड्या मंडळींचं ते आवडतं माप, आणि ६१६ फिल्म १९३२ मध्ये आली. ही मंडळी निगेटिव्हांची आपसात अदलाबदल करत. त्यामुळे तोच फोटो दुसऱ्या कोणाकडे वेगळ्या मजकुरासह असू शकतो. कधी कधी नीट वाचता येणाऱ्या नावासहसुद्धा.

रेल्वेचं नाव मी आत्ता सांगत नाही, कारण उरलेल्या शक्यता अजून बऱ्याच आहेत. पण वाट सरळ आहे. सॅनबॉर्न कंपनीनं आगविम्यासाठी अमेरिकेतल्या हजारो गावांचे इमारतीगणिक नकाशे काढले होते. लायब्ररी ऑफ काँग्रेसनं त्यांतले पुष्कळ फुकट खुले केले आहेत. विटांची इमारत त्यांत गुलाबी, लाकडाची पिवळी. रस्त्यातले रूळ आणि विजेची उपकेंद्रंही नावानिशी सापडतात. रस्त्यातून मालगाडी नेणाऱ्या रेल्वेंची यादी करा आणि त्यांच्या गावांच्या नकाशांत रुळांना लागून असलेलं गुलाबी उपकेंद्र शोधा. फोटोत त्याच्या शेजारी दोन मजली लाकडी दुकान आहे आणि मग गल्लीचं तोंड. हा क्रम जुळला की गाव पक्कं. त्याआधी एक काम करा. इंजिनाच्या नाकाचा भाग १२०० डीपीआयवर, उजेड तिरपा पाडून पुन्हा स्कॅन करून इथं टाका. क्रमांकाचा पहिला आकडा मला ५ वाटतोय, पण तो ३ सुद्धा असू शकतो.