जुन्या भुताच्या मालिका पहिल्यांदाच बघणाऱ्यासाठी

शनिवारी रात्री साताऱ्यातल्या खोलीवर पोरं जमवून जुन्या भुताच्या मालिका लावणार म्हणतोस, तर ऐक. मेकअप बघून हसू येणारच. हसून घे, पण मोबाईल लांब ठेव.

सुरुवात रामसे बंधूंच्या 'झी हॉरर शो'ने कर. 1993 चा आहे. (रामसेंच्या सिनेमांचं शूटिंग आपल्या महाबळेश्वरातही व्हायचं, म्हणून आपल्याला जरा जास्तच जिव्हाळा!) मग 1995 ची 'आहट'. मराठीत रत्नाकर मतकरींच्या कथांवरची 'गहिरे पाणी' चुकवू नकोस. माझ्या मते तीच सगळ्यात सरस.

खरी गंमत कमी पैशातच आहे. भूत नीट दाखवायला खर्च येतो, दार करकरायला येत नाही. म्हणून कॅमेरा नुसता कडीवर थांबतो. कडी इंचभर सरकते, मागे सिंथेसायझरचा एकच सूर, बाई वळून बघते... आणि जाहिरात! भूत कसं असेल ते तोवर तूच मनात रंगवलेलं असतंस. ते प्रत्यक्षात आलं की बहुतेक वेळा रबरी मुखवटाच निघतो, ते सोड.

शिवाय दर गोष्टीला पात्रं नवी. रोजच्या मालिकेत नायिका उद्या दिसणार हे ठाऊक असतं. इथे कुणाचाच भरवसा नाही.

एका बैठकीत दोनच गोष्टी बघ, जास्त बघितल्या की युक्त्या कळायला लागतात. एखादी फसली तर बेलाशक पुढची लाव. आणि टीव्हीचा आवाज पुरेसा नसेल तर कुणाचा तरी स्पीकर माग, निम्मी भीती आवाजातच असते.